गंजाशी वैर

पृथ्वीतलावर जेवढा म्हणून गंज आहे तो सगळा आपल्याच घरावर चालून येतो आहे, अशा खात्रीने जगणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नेमकं त्याच माणसाच्या मुलीशी माझं लग्न झालं. माझे सासरे फौजेत होते. तिथे ते गोळ्या झाडत नव्हते, गाड्या दुरुस्त करत होते. उमेदीची सगळी वर्षं ट्रकच्या पोटाखाली उताणं पडून काढल्यामुळे माणसाचा खरा शत्रू सरहद्दीपलीकडे नसून नटबोल्टांच्या आट्यांत दबा धरून बसलेला असतो, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. पेन्शन घेऊन ते इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी, उसाच्या रानात परतले तेव्हा इतर फौजी जे ट्रंका भरभरून आणतात त्यातलं त्यांनी काहीच आणलं नाही. एक लांब चोचीचा ऑइलकॅन आणला. सासूबाई आजही सांगतात की एवढ्या वर्षांनी नवरा कायमचा घरी आला, आणि उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधी त्याने दाराच्या बिजागरीला तेल सोडलं.

रोज सकाळी ऑइलकॅन घेऊन ते गावात फेरी मारत. भावकीतल्या लोकांच्या फाटकाच्या कड्या, शाळेतल्या झोपाळ्याच्या साखळ्या, दूध डेअरीचं दार, कुणाची सायकल, कुणाची शिलाई मशीन. कुठे काही करकरलं की यांचे कान टवकारलेच. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तो हातात कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. साताऱ्याचा माणूस दुसरं काय नेणार? दुसऱ्या हातात छत्री होती. त्यांनी पेढ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. छत्री तेवढी काढून घेतली. "काड्यांनी गंज धरलाय, जावईबापू," एखाद्याला मोठा आजार झाल्याचं सांगावं तशा आवाजात ते म्हणाले, आणि अंगणात बसून एकेका काडीला तेल पाजलं. परतताना पेठ नाक्यावर पाऊस आला. मी छत्री उघडली आणि ते सगळं तेल माझ्या अंगावर उतरलं. शर्ट नवा होता, लग्नात त्यांनीच दिलेला. पुढच्या भेटीत मी तक्रार केली तर म्हणाले, "शर्टाचं काय घिऊन बसलाय? छत्री वाचली की!" आमच्याकडे जावई सासऱ्याला मामा म्हणतो, तसा मीही म्हणतो. त्या दिवशी मात्र मनातल्या मनात बरंच वेगळं काही म्हणालो होतो.

इथवर सगळी गंमत होती. मग त्यांचे थोरले भाऊ गेले. तालमीत घुमलेला, उभा-आडवा माणूस. घरातले सगळे त्यांना दादा म्हणत. त्यांना बरेच दिवस लघवीचा त्रास होता आणि त्यांनी तो कुणालाही सांगितला नव्हता. घरात बायको, तीन मुलगे, सुना, नातवंडं. असलं काही चारचौघांत बोलायचं कसं? पाठ दुखायला लागली तेव्हा त्यांनी तेल चोळून घेतलं. अंथरूण धरलं तेव्हा मुलांनी उचलून मिरजेला नेलं, आणि तिथे कळलं की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आहे आणि तो मणक्यात पोचला आहे. करण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. हा आजार घरात एका भावाला झाला की दुसऱ्यालाही धोका वाढतो, तेव्हा तुम्हीही तपासून घ्या, असं तिथल्या डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना बजावलं होतं. दादांच्या तेराव्यानंतर कितीतरी दिवस सासऱ्यांनी ऑइलकॅनला हात लावला नाही. गावातली सगळी फाटकं पुन्हा करकरायला लागली, आणि कधी नव्हे ते त्या आवाजाने लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं.

त्यांना पुन्हा उभं केलं ते इस्लामपुरातल्या एका व्याख्यानाने. माजी सैनिकांसाठी आरोग्याचं शिबिर होतं. एका तरुण डॉक्टरने समजावून सांगितलं की शरीरातल्या पेशी प्राणवायू वापरतात तेव्हा काही उनाड कण सुटतात आणि आसपास नासधूस करत फिरतात. त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, आणि रंगीत फळं-भाज्यांमधले अँटिऑक्सिडंट त्या कणांना आवर घालतात. माझे सासरे ताडकन उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "म्हंजे गंजच की, सायेब?" डॉक्टर बिचारा हसून म्हणाला, "तसंच समजा." हे दोन शब्द पुढे आम्हा सगळ्यांना फार महागात पडले. व्याख्यानाच्या उत्तरार्धात डॉक्टरने वेळच्या वेळी तपासणी करून घेण्याबद्दलही सांगितलं होतं म्हणे. सासरे तो भाग इस्लामपुरातच ठेवून आले.

घरी येऊन त्यांनी युद्ध पुकारलं. दादांना ज्या गंजाने खाल्लं तो माझ्या घरात शिरणार नाही, असं त्यांनी दादांच्या फोटोसमोर उभं राहून जाहीर केलं आणि बांधालगतची उसाची पट्टी मोडून टोमॅटो लावले. उभा ऊस काढून टोमॅटो! भावकीला वाटलं, दादाच्या दुःखाने याचं डोकं फिरलं. पण सासऱ्यांचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. ताटात लाल, केशरी, हिरवं आणि जांभळं असे चारही रंग दिसल्याशिवाय घरात कुणी घास उचलायचा नाही, असा हुकूम सुटला. आटपाडीची डाळिंबं आली, तासगावचे काळे बेदाणे आले, जवसाची चटणी, आवळा, बीट, गाजर. दुधात हळद, आणि हळदीच्या मागे पहारेकरी म्हणून मिरपूड. टोमॅटोच्या बाबतीत ते विशेष कडक होते. तो तेलात परतून, त्याचा लाल रंग तेलात उतरेपर्यंत शिजला पाहिजे. "कच्चा टमाटा म्हंजे नवा भरती झाल्याला रिक्रूट," ते मला सांगत. "नुसता लाल दिसतोय. तेलात रगडला की मग कामाचा." माझ्या कंदी पेढ्यांची गणना आता शत्रुपक्षात झाली. "एवढ्या लांबनं गंज कशाला आणताय?" असं विचारून ते पुडा सासूबाईंच्या हाती देत, आणि सासूबाई तो कुठे लपवतात हे मला ठाऊक असल्यामुळे आमचं नातं फार जिव्हाळ्याचं झालं.

लग्नसराईत तर त्यांना आवरणं कठीण होई. शिराळ्याला एका लग्नात ते स्टीलचा डबा भरून तेलातले टोमॅटो घेऊन गेले आणि वाढप्याच्या मागोमाग पंगतीत स्वतःच वाढत सुटले. लोकांनी नवरीकडचा काही खास पदार्थ समजून खाल्ला. नवऱ्या मुलाच्या वडिलांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतला आणि नवरीच्या वडिलांना म्हणाले, "पाहुणं, भाजी लय फक्कड झालीया." त्या गृहस्थांना कुठली भाजी ते कळेना, पण व्याह्यांनी केलेली स्तुती कोण नाकारतो? पुढे या लढाईत गोळ्याही दाखल झाल्या. पुण्याचा कुणी नातेवाईक व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम अशा काहीतरी गोळ्यांची मोठी बरणी देऊन गेला होता. जेवणानंतर सासरे ती बरणी उघडत आणि काडतुसं मोजून घ्यावीत तशा गोळ्या तळहातावर घेत.

एका सुट्टीत आम्ही त्यांना घेऊन कोयनानगरला निघालो. गाडी मी चालवत होतो. कराड ओलांडलं तोच सासरे म्हणाले, "गाडी थांबवा. टायर बगतो." उतरून गाडीच्या मागे गेले आणि पुढे एका झाडाआड दिसेनासे झाले. आले, बसले. पाटणच्या अलीकडे पुन्हा टायर. पाटणच्या पलीकडे पुन्हा टायर. घाटाच्या वळणांवर तर तोंडातून "टायर" एवढाच शब्द निघे आणि मी निमूट गाडी बाजूला घेई. माझी बायको सुरुवातीला हसत होती. मग तिचं हसणं थांबलं. झाडाआडून परत यायला त्यांना फार वेळ लागत होता, आणि परतताना त्यांचा चेहरा, कितीही ताठ चालत असले तरी, ओढलेला दिसत होता. कोयनेचं पाणी बघायचं सोडून ती बापाच्या पाठीकडेच बघत राहिली.

घरी परतल्यावर तिने आईला एका बाजूला घेऊन विचारलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "आगं, आदी रातच्याला उठलं की मागल्या दाराची कडी वाजायची. मला कळायचं. मी इच्यारलं, लय येळा उठताय व्हय? तर दुसऱ्या दिशी कडीला तेल घातलं. आता ती वाजतच न्हाई." हे ऐकून मला पहिल्यांदा त्या ऑइलकॅनची भीती वाटली. दादांनी जे तोंड मिटून केलं तेच हा माणूस तेल घालून करत होता. गंजाशी एवढं वैर धरणारा हा शूर शिपाई प्रत्यक्ष तपासणीच्या नावाने मात्र लपून बसला होता, आणि समोर टोमॅटोची भिंत उभी केली होती.

मी माझ्या परीने समजावलं. त्यांच्याच भाषेत बोलावं म्हणून म्हणालो, "मामा, फौजेत गाडीला रोज ग्रीस लावत होता, म्हणून काय इन्स्पेक्शन चुकत होतं?" ते बराच वेळ डाळिंब सोलत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "गाडीला लाज नसती, जावईबापू."  बायको रडली, चिडली, चार दिवस बापाशी बोलली नाही. त्यांनी तिच्या ताटात जास्तीचं गाजर वाढलं आणि विषय संपवला.

तेवढ्यात अधिक महिना लागला. धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण आलं. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव असतो, आणि मी हे देवपण दर वेळी अतिशय मनापासून उपभोगत आलो आहे. सासऱ्यांच्या घरी भावकी जमली होती. माझे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, पाटाभोवती रांगोळी काढली. समोर ताट आलं: वाफाळते पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, अनारसे, आणि कडेला, देवाच्या पानातही सुटका नव्हती, तेलातला टोमॅटो. जावयाने पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी हात लावायचा नाही, अशी त्यांच्याकडे रीत आहे. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

हळूहळू बोलणं थांबलं. सासूबाई काळजीने पुढे आल्या. "काय कमी हाय का, जावईबापू?" मी म्हणालो, "कमी काही नाही. एक मागणं आहे, मामांकडे. ते मिळाल्याशिवाय जेवणार नाही." भावकीत एकदम उत्साह आला. जावई रुसला! ही आता जवळजवळ बंद पडलेली करमणूक आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा सुरू होते आहे, याचा सगळ्यांना आनंद झाला. कुणी अंगठी म्हणालं, कुणी मोटरसायकल. सासरे मोठ्या मनाने म्हणाले, "मागा. जावयाला न्हाई म्हणणारं घर न्हवं हे." मी त्यांच्याकडे बघून म्हणालो, "उद्या सकाळी माझ्याबरोबर मिरजेला यायचं. कशाला ते तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या शेजारचे एक चुलते दुसऱ्याला म्हणाले, "मिरजंला? तिथली सतार पायजे आसंल. शिकल्याली माणसं हाईत." सासरे वाकून हळू आवाजात म्हणाले, "आदी जेवा. मंग बगू." "मग नाही, मामा. उद्या." "आवं, तूप थिजतंय." "थिजू दे." खरं सांगतो, हे बोलताना माझा जीव तिळतिळ तुटत होता. मी खाण्याच्या बाबतीत कुणापुढेही शरण जाणारा माणूस आहे. आमटीचा वास नाकात शिरत होता, धोंडे डोळ्यांदेखत निवत होते. पण माझ्या समोर दारात बायको उभी होती, दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरून, आणि मी तिच्याकडे बघून बसून राहिलो. साऱ्या गावाला बळेबळे खाऊ घालणाऱ्या माणसाच्या घरात जावई उपाशी बसला होता, आणि त्याच्यामुळे अख्खी पंगत. शेवटी पलीकडच्या ओळीतून बायकोच्या थोरल्या आत्याबाई कडाडल्या, "आरं, दे की जावयाला काय मागतुया ते! पोरं भुकेजल्यात. मिरजंलाच जायाचंय न्हवं? काशीला तर न्हाई!"

सासरे सरळ उभे राहिले, फौजेत राहत असतील तसे. "येतो," ते म्हणाले. "भावकीसमोर शब्द देतो. उद्या सकाळी येतो. आता घास घ्या." मी घास घेतला. माझी बायको दारातून आत निघून गेली ती रडायला. सासऱ्यांनी मग स्वतः माझ्या पानात टोमॅटोचे दोन डाव जास्तीचे वाढले. हा सूड होता, आणि मी तो पुरता संपवला.

दुसऱ्या दिवशी आष्ट्याच्या पुढे त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. मी सवयीने म्हणालो, "टायर?" त्यांनी दार उघडलं. "न्हाई," म्हणाले. "लगवीला जाऊन येतो." एवढं साधं वाक्य, पण त्या घरातल्या पुरुषांपैकी ते मोठ्याने उच्चारणारे बहुधा ते पहिलेच. मिरजेत रक्त घेतलं गेलं आणि मग डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. ते पडद्याआड गेले तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. वर्तमानपत्र उघडतो न उघडतो तोच ते बाहेर आले आणि माझ्या शेजारी बसले. मी विचारलं, "झालं?" "झालं." समोरच्या भिंतीकडे बघत ते म्हणाले, "इडी पेटवायला जेवडा येळ लागतो न्हवं, तेवड्यात झालं." मग त्यांनी गळ्यातला हिरवा टॉवेल तोंडाशी नेला. "एवड्याशासाटी गेला व्हय वो दादा?" ते म्हणाले, आणि दवाखान्याच्या त्या गर्दीत, कुणाचीही पर्वा न करता, हुंदके देऊन रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. 

पुढचे दिवस वाईट गेले. रक्ताच्या तपासणीवरून आणखी तपासण्या झाल्या, ग्रंथीचा तुकडा काढून पाहिला, आणि आजार निघालाच. पण तो अजून ग्रंथीच्या बाहेर पडला नव्हता. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझ्या बायकोने त्यांचे पायच धरले. सासऱ्यांना मात्र हिशेब लागत नव्हता. त्यांनी खुर्चीत पुढे सरकून विचारलं, "सायेब, एवडं टमाटं खाल्लं, डाळिंब खाल्लं, त्यो गंज तरी बी आत शिरलाच कसा?" डॉक्टर मोठे समजूतदार. म्हणाले, "खा की. हृदयाला चांगलं, पोटाला चांगलं. पण भाजीपाल्याने हा आजार किती टळतो ते अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि तपासणीच्या बदल्यात टोमॅटो चालत नाही." गोळ्यांच्या बरणीबद्दल ऐकून मात्र त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्या गोळ्यांनी हा आजार टळल्याचं दिसलेलं नाही, व्हिटॅमिन ई भरपूर घेणाऱ्यांत तर तो उलट थोडा जास्तच आढळला आहे, तेव्हा आजपासून बंद, असं त्यांनी सांगितलं. सासऱ्यांनी घरी येऊन बरणी रिकामी केली, धुतली आणि तिच्यात नटबोल्ट ठेवले. मग किरणांचे उपचार सुरू झाले. रोज सकाळी बुटांना पॉलिश करून ते ड्यूटीवर निघाल्यासारखे एसटीने मिरजेला जात, आणि एकदाही कुणाला सोबत येऊ दिलं नाही.

आता ते बरे आहेत. दर काही महिन्यांनी रक्त तपासून येतात. लढाई चालूच आहे, फक्त मोर्चा बदलला आहे. सकाळच्या फेरीत ते ऑइलकॅन घेऊन दूध डेअरीवर उभे राहतात आणि पन्नाशी ओलांडलेला एखादा गडी दिसला की सगळ्यांसमोर विचारतात, "काय रं गड्या, टायर बगायला लय येळा उतरतुयास म्हणं?" गावात आता या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. माणसं लाजतात, चिडतात, त्यांना लांबून पाहिलं की वाट बदलतात, आणि काही दिवसांनी मिरजेच्या एसटीत त्यांच्याच शेजारी बसलेली दिसतात. घरातल्या सगळ्या बिजागऱ्या आणि कड्यांना अजून नियमाने तेल मिळतं. एक मागच्या दाराची कडी तेवढी त्यांनी तशीच सोडली आहे. ती भयंकर करकरते. सासूबाई म्हणतात, वाजू दे.

परवा मी गेलो तेव्हा त्यांनी पेढ्यांचा पुडा स्वतः उघडला. उपचारांनी माणूस थोडा वाळला आहे, शर्ट खांद्यांवरून ओघळतो. एक पेढा त्यांनी दादांच्या फोटोपुढे ठेवला, आणि आम्ही दोघं जेवायला बसलो. जेवता जेवता मध्येच हात थांबवून ते फोटोकडे बघत राहिले. "दादाला तिनी पोरगंच," ते म्हणाले. "पोरं चांगली हाईत, पर बापापुढं त्वांड उगडणारी न्हवंत. एक पोरगी आसती, तर जावाय आला आसता, जावईबापू. कवातरी ताटावर रुसला आसता."

मी समोरच्या वाटीतला तेलातला टोमॅटो निमूटपणे संपवला आणि वाटी पुन्हा त्यांच्यापुढे धरली.